तुपाची वाटी



गोपाळपूरचा काला झाला म्हणजे जगाच्या लेखी आषाढीची वारी संपते. पण आपल्या हिंगोलीकडच्या वारकऱ्याची वारी तिथे संपत नाही. आषाढ वद्य एकादशीला तो नर्सीला येतो, कयाधूच्या काठी नामदेवरायांपुढे माथा टेकतो, तेव्हा कुठे त्याचे पाय घराकडे वळतात. या परतवारीला सेवा करण्याचा योग मला पुष्कळ वर्षे आला. नामदेवरायांच्या गावी उभे राहिल्यावर त्यांच्या चरित्राबाहेरचे काय बोलावे? म्हणून मी बहुधा कुत्र्याची कथा लावतो. नामदेवरायांनी भाकरी भाजून ठेवल्या आणि ते तूप आणावयास वळले, तेवढ्यात कुत्र्याने भाकरी पळविली. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. का, तर कोरडी भाकरी देवाच्या घशात अडकू नये म्हणून. ही कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. मलाही होती. सर्वांभूती भगवद्भाव एवढा अर्थ काढून आम्ही कीर्तनकार पुढच्या दृष्टांताकडे निघून जातो.

परंतु मागे एका परतवारीत कीर्तन उरकल्यावर दिंडीतला एक तरणा मुलगा मंडपामागे आला. शिकलेला, घरी हळदीची चार एकर शेती, वर्तमानपत्र वाचणारा. म्हणाला, “बुवा, एक विचारू का? आपल्या देशाला बाहेरचे देश मदत देतात ती आपून कामून घ्यावी? आपला देश एवढा मोठा झाला म्हणतात. अन् दुसरं, आपलं सरकार बाहेरच्या देशांना देतं ते तरी कामून द्यावं? इकडं आमच्या बांधावर पाणी नाही.” मी त्याला म्हटले, बाळा, हा राजकारणाचा प्रश्न आहे, पुढाऱ्याला विचार. तो हसला आणि म्हणाला, “दानाचा प्रश्न बुवाला नाही विचारायचा, तर कुणाला?”

त्याचे म्हणणे खरे होते. दान म्हटले म्हणजे आपण गावच्या पंगतीपुरते बोलतो. पण एक देश दुसऱ्याला धान्य देतो, औषध देतो, भूकंपात घरे बांधून देतो, तेही दानच. तिथे गीता लागू पडत नाही असे थोडेच आहे? तेव्हापासून मी या गोष्टीचा जसा सुचेल तसा विचार करीत आलो. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम घेण्याचे सांगतो, कारण घेणे मी स्वतः भोगले आहे. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. माझे आईवडील खडी फोडावयास जात, आणि आम्ही पोरे सुकडी मिळते म्हणून कामावर त्यांच्या मागे जात असू. रेशनावर मिलो मिळे, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली त्यांना तिची भाकरी आठवत असेल. थापताना तडे जात, आणि गार झाली की लाकडासारखी कडक होई. पुष्कळ लोक म्हणत की ही तिकडे जनावरांना घालतात. ते ऐकले की मोठ्या माणसांचा घास हातातच राही. भूक असते आणि मानही असतो. दोन्ही एकाच पोटात राहतात, आणि दुष्काळात त्यांचे भांडण लागते.

आमची आजी निरक्षर होती, पण माळकरी. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून ती देवापुढे ठेवी. एकदा माझा चुलता चिडून म्हणाला, “माय, गुरांचा चारा देवाला दाखवती काय?” आजी म्हणाली, “कुणाच्या तरी रानात पिकलं हाय ना? कुण्या तरी बाईनं निंदलं असंल, खुरपलं असंल. तिचं कल्याण होवो.” अमेरिकेत बाया खुरपत नाहीत, यंत्रे चालतात, हे आजीला कुठे ठाऊक? पण ती भाकरी देवापुढे ठेवून झाली की चुलताही मुकाट्याने खाई.

पुढे वाचनात आले की १९७१ च्या युद्धानंतर अमेरिकेने आपली मदत थांबविली होती, आणि त्या दुष्काळात सरकारने परदेशच्या बाजारातून पैसे मोजून धान्य आणविले. म्हणजे पाहा, आजी ज्याला आशीर्वाद देत होती त्याने दान दिलेच नव्हते, त्याने विकले होते! आणि चुलता ज्या भिकेची लाज वाटून घास खाली ठेवीत होता ती भीक नव्हती. मला या गोष्टीचे आजही हसू येते. चुलत्याची लाज फुकट गेली असे मी म्हणेन. आजीचा आशीर्वाद फुकट गेला असे मात्र म्हणवत नाही.

पण त्याआधीची गोष्ट खऱ्या मदतीची आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेने १९५४ साली एक कायदा केला. पीएल ४८० या नावाने तो आपल्याकडे खेड्यापाड्यांत माहीत झाला. त्या देशात धान्य इतके पिकत होते की ठेवावे कुठे हा प्रश्न पडला होता. ते भुकेल्या देशांना द्यावे आणि किंमत त्यांच्याच नाण्यात घ्यावी अशी योजना निघाली. भारताशी पहिला करार १९५६ साली झाला. पुढे १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला, तेव्हा या गव्हाने लक्षावधी माणसे जगविली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी दोरी आखूड धरली. वर्षाचा करार न करता महिन्या-महिन्याच्या बोलीवर जहाजे सोडावयाची, आणि अमुक धोरण बदला, तमुक लढाईवर टीका करू नका, असे मधून मधून सुचवावयाचे. धान्य बंदरात उतरते ते थेट तोंडात जाते, अशी आपली अवस्था तेव्हा झाली होती. लालबहादूर शास्त्रीजींनी १९६५ साली देशाला सांगितले की सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडा. आपल्याला एकादशी नवी नाही, पण ही सोमवारची एकादशी अब्रूची होती.

जाता जाता गाजरगवताचे सांगतो. आपल्या बांधाबांधावर जे वाढते, ज्याने अंगाला खाज सुटते, ते या अमेरिकन गव्हाबरोबर आले असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते पुण्यात नोंदले गेले १९५५ साली, म्हणजे पीएल ४८० च्या पहिल्या कराराच्या आधी. त्यापूर्वीही परदेशचा गहू येतच होता, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांत याविषयी एकमत नाही. दात्याच्या माथी मारावयाचे तर खात्री करून मारावे. वारकऱ्याने निंदेतही हिशेब ठेवावा.

भगवंतांनी सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे आपले कर्तव्यच आहे असे समजून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक. उलट काही मिळावे म्हणून, किंवा मनात कुरकुरत दिलेले ते राजस. तामसाबद्दल बोलताना भगवंत जे सांगतात तिकडे आपले लक्ष कमी जाते. अपात्राला दिलेले तामस, एवढे आपण ध्यानात ठेवतो, कारण त्यामुळे न देण्याची सोय होते. पण सत्कार न करता, अवज्ञेने दिलेले दानही भगवंत त्याच पंक्तीत बसवितात. म्हणजे गहू सोन्यासारखा असो, तो तुच्छतेने दिला की दान तामस झाले. मग जॉन्सनसाहेबांचा गहू कोणता? मला विचाराल तर ज्या शेतकऱ्याने पिकविला त्याच्याकडून सात्त्विक, आणि ज्या हाताने दोरी धरली त्या हातातून राजस. एकाच पोत्यात दोन्ही होते.

या विषयात नामदेवरायांचीच आणखी एक कथा आहे. एका सावकाराने आपली सुवर्णतुला केली, गावोगावच्या ब्राह्मणांना सोने वाटले, आणि नामदेवरायांनाही बोलावणे धाडले. त्यांनी तुळशीच्या पानावर नामाचे एक अक्षर लिहून दिले, म्हणाले, एवढ्या भाराचे द्या. तराजूत घरचे सगळे सोने चढले, बायकोचे दागिने चढले, पारडे हलेना. कथेत सावकार शहाणा निघाला आणि पाया पडला. सगळेच सावकार तसे निघत नाहीत.

आता मी माझी गोष्ट सांगतो. ती सांगताना जीभ जड होते, पण टाळली तर हे निरूपण पोकळ होईल.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कार्यक्रम होता. ज्या शेतकऱ्यांनी कर्जापायी जीव दिला त्यांच्या विधवांना शिलाई मशिनी वाटावयाच्या होत्या. पैसा परदेशचा, वाटणारी संस्था इकडची. संस्थेचे नाव मी घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. मला कीर्तनासाठी बोलाविले होते आणि कीर्तन झाल्यावर व्यासपीठावर खुर्ची दिली होती. मागे मोठा फलक, त्यावर देणाऱ्यांची नावे. एकेका बाईचे नाव पुकारायचे, तिच्या मालकाने कोणत्या साली काय केले ते ध्वनिक्षेपकावरून सांगायचे, मग तिने वर यायचे, मशिनीवर हात ठेवून उभे राहायचे, फोटो काढायचा. सात-आठ बायका अशा आल्या आणि गेल्या. मी माळ ओढीत बसलो होतो. मग एक तरणी बाई पायऱ्यांपर्यंत आली. सोबत पाच-सहा वर्षांचा मुलगा. पुकारणारा सांगू लागला तशी ती खालूनच म्हणाली, “दादा, मशीन पाह्यजे मला. पण त्येंचं नाव तेवढं माईकवर घेऊ नका. लेकरू ऐकतंय.” पुकारणारा क्षणभर थांबला, हातातल्या कागदाकडे पाहिले, आणि पुढे वाचू लागला. त्याला तसेच सांगून ठेवलेले असणार. बाईने पोराच्या कानावर हात ठेवले, वळली आणि मंडपाबाहेर निघून गेली. तिची मशीन संध्याकाळी टेम्पोत परत गेली.

मी काय केले? काही नाही. शाल घेतली, श्रीफळ घेतले, जेवलो, आलो. त्याच रात्री घरी पडल्या-पडल्या मला कुत्र्याची कथा आठवली, आणि चाळीस वर्षे जी कथा मी सांगत होतो ती मला पहिल्यांदा दिसली. कुत्रे पळत होते ते भ्यालेले होते. आता काठी बसणार असे त्याला वाटत होते. त्याने मागितले नव्हते, हात जोडले नव्हते, उलटून पाहिलेसुद्धा नाही. धावावे लागले नामदेवरायांना. आणि इथे? इथे आम्ही खुर्चीत बसलो होतो आणि त्या बाईला पायऱ्या चढावयास सांगत होतो. ती पाठ फिरवून गेली तेव्हा मशीन डोक्यावर घेऊन तिच्यामागे जाणारा एकही त्या मंडपात निघाला नाही. मी माळकरी तिथे होतो, मीसुद्धा नाही.

संस्थेतला एक मुलगा माझ्या ओळखीचा होता, मनाने फार चांगला. चार दिवसांनी मी त्याला विचारले, हे फोटो कशाला? तो म्हणाला, “बुवा, फोटो गेल्याशिवाय तिकडून पुढचा हप्ता येत नाही. त्यांना कसं कळणार, की मशीन खरंच दिली?” यातही तथ्य आहे. शेजाऱ्याला पायलीभर जोंधळे दिले तर ते चुलीवर चढलेले आपल्याला दिसतात. साता समुद्रापलीकडून देणाऱ्याला काहीच दिसत नाही. मध्ये दहा हात लागतात, आणि त्या दहांपैकी एखादा हात ओला होतो हे आपण न सांगताही जगाला ठाऊक आहे. तेव्हा पुरावा मागणे हा दात्याचा अधिकार आहे, तो मी नाकारीत नाही. पण पुरावा वहीतून घ्यावा, पावतीवरून घ्यावा, गावाच्या चार माणसांपुढे हिशेब वाचून घ्यावा. माणसाच्या तोंडावरून घेऊ नये. तिकडचा तो दाता, कोण जाणे, एखादी म्हातारी असेल, महिन्याच्या पेन्शनीतून पैसे काढून धाडीत असेल. तिला जर कुणी सांगितले असते की तुझ्या पैशासाठी एका पोराच्या कानावर हात ठेवावे लागले, तर तिने काय म्हटले असते? तिला कोणी सांगतच नाही. दुरच्या दानाचा हा खरा दोष आहे.

त्या बाईला पुढे गावच्या बचत गटाने कर्जाऊ मशीन घेऊन दिली, आणि तिने हप्ते फेडले, असे मला कळले. यात माझा काही वाटा नाही.

घेणाऱ्याला विचारावे, ही गोष्ट आपल्या भागाने किल्लारीला पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकतेच निजले होते तेव्हा, लातूर-उस्मानाबादेत भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडामातीच्या भिंतींखाली गेली. पहिले काही दिवस आसपासच्या गावांतून भाकरीच्या चळती गेल्या. आमच्या दिंडीनेही दुरड्या भरून नेल्या. मग देशातून आणि देशाबाहेरून मदत आली, जागतिक बँकेचे कर्ज आले, बावन्न गावे नव्या जागी उठविण्यात आली. घरे पक्की झाली, त्याबद्दल ऋण मानलेच पाहिजे. परंतु पुष्कळ नवी गावे शहरातल्या वसाहतींसारखी आखली गेली. सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरे. बैल कुठे बांधावा, कडबा कुठे रचावा, भावकी एका आळीत राहत होती ती आता कुठे शोधावी? लोकांनी मग पक्क्या घरासमोर पत्र्याची शेडे ठोकली आणि संसार तिथे मांडला. याच्या उलट, जी गावे हलवावयाची नव्हती तिथे घरदुरुस्तीच्या कामात गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. कोणाच्या घराला काय हवे ते त्यांनी दारोदार विचारले, आणि घरमालकाने आपले घर आपल्या देखरेखीखाली सुधारून घेतले. पैसा दोन्हीकडे परकाच होता. आपल्या वसमत, औंढा, कळमनुरीकडे जमीन अधूनमधून हलते; २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये चांगलेच धक्के बसले. देव करो आणि वेळ न येवो, पण आली तर आपल्याला काय हवे ते सांगावयास आपण आधीच शिकून ठेवावे.

कोणी म्हणेल, बुवा, एवढा मान प्यारा तर घेऊच नये! तुकोबारायांनी महाराजांचा नजराणा परत पाठविला नाही का? पाठविला. पण तो त्यांच्या स्वतःच्या घरासाठी आला होता. स्वतःचे नाकारणे हे वैराग्य. (जिजाईला विचारले होते का, हे मात्र कीर्तनात कोणी सांगत नाही.) दुसऱ्याच्या ताटातले नाकारणे ही निराळी गोष्ट. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारताने परदेशी सरकारांची मदत नको म्हटले, आणि त्याच दिवसांत आपल्या नौदलाची जहाजे श्रीलंकेला, मालदीवला, इंडोनेशियाला मदत घेऊन गेली. ऐकून ऊर भरून येतो. पण किनाऱ्यावर ज्याचे जाळे आणि नाव वाहून गेली त्या कोळ्याचे सर्व काही जर त्यामुळे अडले नाही, तरच ते नाकारणे शोभले असे म्हणावे. नाकारणाऱ्याने आपल्या कोठारात पुरेसे आहे की नाही हे पाहावे, नुसता आपला फेटा पाहू नये. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार लोकांना उघडून दिले ते मानापमानाचा विचार करून दिले नाही.

आणि घेणाऱ्याचा मान कशाने राहतो हेही आपल्या महाराष्ट्राने दाखविले आहे. त्याच १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर राबू लागली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणे हा माणसाचा हक्क आणि देणे हे सरकारचे कर्तव्य, असे त्यात लिहिले गेले. माझी आई खडी फोडून संध्याकाळी मजुरी आणी, तेव्हा ती कुणाच्या पायरीशी उभी नसे. २००५ साली देशाने या धर्तीवर कायदा केला. इथे तर घेणाराच शिकवून गेला.

आता २०२१ ची गोष्ट. ती मला फार गोड वाटते. करोनाची दुसरी लाट आली, प्राणवायूसाठी लोक तडफडत होते, आणि चाळीसाहून अधिक देशांनी आपल्याला यंत्रे, औषधे पाठविली. मोठ्या देशांची विमाने उतरली, त्यांचे फोटो छापून आले. त्याच मे महिन्यात आफ्रिकेतल्या केनिया देशाने बारा टन माल धाडला. काय? चहा, कॉफी आणि शेंगदाणे. तो मुंबईस आला, रेडक्रॉसच्या हाती दिला गेला, आणि आपल्या महाराष्ट्रात रुग्णसेवेत राबणाऱ्या माणसांसाठी तो होता. इकडे काही शहाण्यांनी थट्टा केली. म्हणाले, चहा तर आपणच पिकवितो, आता केनियाकडूनही मदत घेण्याची वेळ आली!

श्रोतेहो, सुदाम्याचे पोहे द्वारकेत मिळत नव्हते काय? सोन्याच्या नगरीत पोह्यांची टंचाई होती? तरी भगवंतांनी ते फाटक्या फडक्यातून ओढून घेतले. सुदामा लाजून काखेत लपवीत होता आणि देव हिसकावीत होता. आपण त्या दिवशी द्वारकेत होतो, आणि हसलो. रात्र-रात्र जागणाऱ्या परिचारिकेला मध्यरात्री काय लागते हे त्या चहा पिकविणाऱ्यांना कळले. आणि हेही ध्यानात घ्या, की त्याआधी मार्च महिन्यात पुण्यात तयार झालेली लस केनियाला पोचली होती. आपली लाट उसळली तशी बाहेर जाणारी लस थांबली, आणि वाट पाहणारे कित्येक देश महिनोन्महिने ताटकळले. त्यात आपला नाइलाज होता असे म्हणू. पण ज्याचे ताट आपण अर्ध्यावर अडविले त्याच्याच खंडातून आपल्याकडे शेंगदाणे आले. हसावयास जागा कुठे राहिली?

यातच त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे येते. बांधावर पाणी नसताना बाहेर का द्यावे? त्याचा राग खोटा नाही. घरच्या गायीला वैरण नाही आणि गावजेवण घातले तर ते चूकच. पण घर भरल्यावर देऊ म्हणणाऱ्याचे घर कधी भरल्याचे ऐकिवात आहे का? आणि आपल्या नर्सीच्या माणसाने तरी हे विचारू नये. नामदेवराय इथले. त्यांच्या जवळचे सर्वांत मोठे धन जे नाम, ते घेऊन ते पंजाबात गेले, घुमानला राहिले. इथे सगळ्यांची पोटे नामाने भरली होती म्हणून गेले असे नाही. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. आणि परतफेड मागितली नव्हती तरी पाहा, पंजाबातून आजही लोक नर्सीला येतात, आणि येथून जवळच नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आपण कोणीही गेलो तर पंगतीत बसवून जेवू घालतात. तिथे तुमचे नाव कोणी पुकारीत नाही. वाढणारा भाकरी देताना वाकतो, आणि घेणारा दोन्ही हात पुढे करतो.

हे मी त्या मुलाला सांगितले. त्याचे पुरते समाधान झाले असे नाही. म्हणाला, “बुवा, तुम्ही म्हणता ते बरोबर, पण बांधावरच्या पाण्याचं बघा.” ते बघितलेच पाहिजे.

शेवटी परतवारीचे एक काम सांगून थांबतो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते, आणि नंतर परतवारीला नर्सीत माणसांचा पूर लोटतो. त्या दिवशी वाटेवर अन्नदान भरपूर होते. मागच्या खेपेस मी मोजले, एका मैलात साबुदाण्याच्या खिचडीचे सात मांडव होते, आणि सातही ठिकाणी देणाऱ्याच्या नावाचा फलक. दुपारपर्यंत खिचडी रस्त्याच्या कडेला सांडू लागली. पण पंढरीहून चालून आलेल्या म्हाताऱ्यांच्या पायांना फोड आले होते, त्यांना बसावयास सावली नव्हती, आणि बायांना आडोसा नव्हता. यंदा अन्नदान करणाऱ्या मंडळींनी आठ दिवस आधी येणाऱ्या दिंड्यांच्या चोपदारांना आणि विशेषतः त्यांच्यातल्या बायांना विचारून घ्यावे, काय कमी पडते ते. दोन मांडव खिचडीचे पुरेत. बाकीच्यांनी कोमट पाणी, तेल, पट्ट्या आणि ताडपत्र्या ठेवाव्यात. फलकाचे कापड आडोशाला चालेल.